नूरबीची जीभ आणि किसनरावचं धाबं

अमडापुरात कोणी घर बांधायचं काढलं, की मुहूर्त भटजीला विचारायचा आणि माती नूरबीला. मुहूर्त चुकला तर काहीतरी शांत करून निभावता यायचं. माती चुकली तर चार महिने घरभर घमेली मांडून बसावं लागायचं.

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या काळातली ही नूरबी. तिचा नवरा फकीर मोहम्मद गवंडी होता. भिंत तो उभी करायचा आणि वरचं धाबं नूरबी घालायची. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. मयालांवर, म्हणजे मोठ्या तुळयांवर, आडवी लाकडं, लाकडांवर कडुलिंबाचा पाला, पाल्यावर चिखलाचा जाड थर आणि सगळ्यात वर पांढरी खारट माती. ही माती पाणी खाली उतरू देत नाही. पण दिसायला पांढरी असलेली प्रत्येक माती काही खारी नसते. ते ओळखायला नूरबीकडे एकच हत्यार होतं. ती चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची, मग पचकन थुंकून सांगायची, "आन गाड्या भरून." नाहीतर म्हणायची, "हे चूल सारवाले ने." एवढं बोलून ती पुन्हा आपल्या शेळीच्या मागे.

फकीर मोहम्मद गेल्यावर त्याची पिशवी तिनं मोडीत काढली नाही. ओळंबा, गुण्या, करणी, थापी, सगळं तेल लावून ठेवलं. ज्याला स्वतःच्या हातानं घर बांधायचं त्यानं ती पिशवी न्यायची, पण पिशवीबरोबर नूरबीचं तोंडही जायचं.

त्या वर्षी ती पिशवी किसनरावनं नेली. भावांशी पटेना म्हणून तो वेगळा निघाला होता. बायको कोकिळा आणि आई गोजरबाई यांना घेऊन गावकडेच्या गोठ्यात राहत होता. कोकिळेला तिसरा महिना. पाळणा नव्या घरात हलला पाहिजे, एवढा एकच हट्ट त्यानं धरला होता.

"पाया किती खोदला बे?" नूरबीनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"कंबरभर, चाची."

"मुरूम लागला?"

"नाई. काळीच हाये अजून."

"मंग खोद. काळी माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर भिंत उभी केली त घर दरसाल हिंडाले निघते. मुरमाले टिकाव खणकन वाजला पाहिजे."

किसनराव छातीइतका खोल गेला तेव्हा टिकाव वाजला. मग लाकडाची पाळी आली. बाभळीचे मयाल त्यानं कालच तोडून आणले होते आणि तो खुशीत होता.

"वल्लं लाकूड चढवतं काऊन? भुंगा लागला म्हंजे रातभर पीठ सांडन अंगावर. नाल्याच्या डोहात दाबून ठेव, वरतून दगडं ठेव. तीन महिने पाह्यजो बी नको तिकडं."

"तीन महिने? चाची, मले घर बांधाचं हाये, लोणचं नाई घालाचं!"

"लोणच्यावानीच मुरू दे. लोणचं बिघडलं त फेकता येते, मयाल काढता येत नाई."

भिंतीच्या चिखलात कुटार, म्हणजे भुसा, घालून आठ दिवस रोज तुडवायचा, हातभर भिंत चढली की दोन दिवस थांबायचं, ओळंबा सकाळी लावायचा, वाऱ्यात लावायचा नाही, असं तिचं चालूच असायचं. गोजरबाई गोठ्याच्या दारातून म्हणायची, "नूरबी, एवढं त माह्या सासूनंबी मले सुनावलं नाई."

"तिनं सुनवाले पाहिजे होतं, गोजरबाई. मंग मले एवढं बोला लागलं नसतं."

भिंती झाल्या. मुरलेले मयाल चढले, पाला पसरला, चिखलाचा थर बसला. मृगाला बारा दिवस उरले. आता फक्त वरची पांढरी माती, आणि नेमकी त्याच वेळी नूरबी हिवतापानं पडली.

पोस्टात विकत मिळणाऱ्या कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या आणल्या. ताप उतरला, पण जीभ कडूजहर झाली. भाकर कडू, गूळ कडू, नुसतं पाणीही कडू. चार दिवसांनी किसनराव तीन गाठोडी घेऊन आला. एक माती गढीमागची, एक नाल्याच्या दरडीतली, एक जुन्या ओसाड गावठाणातली. तिन्ही पांढरी फेक.

नूरबीनं पहिली चिमूट जिभेवर ठेवली. कडू. दुसरी, कडू. तिसरीही कडूच. तिनं सवयीनं डोळे मिटले आणि ते उघडायची तिला भीती वाटली. नाही म्हणावं, तर उद्या गाव म्हणेल नूरबी संपली. ठोकून द्यावं, तर बाळंतिणीच्या अंगावर चिखल गळेल.

"उद्या सांगीन," ती म्हणाली. "तोंड आलं हाये जरा."

किसनराव गाठोडी तिथंच ठेवून गेला. दुपारी कोकिळा ताक घेऊन आली. नूरबी आत ताक ओतायला गेली आणि परत आली, तो कोकिळा गाठोड्यांपाशी बसलेली. गाल भरलेला.

"कोकिळे! तोंडात काय हाये वं?"

कोकिळेनं मान हलवली. मग न राहवून म्हणाली, "चाची, सासूबाईले सांगजो नोका. डोहाळेच असे लागले. गोठ्याच्या भिंतीले भोक पडलं माह्यामुळं."

नूरबी आधी हसली, मग हसता हसता थांबली. तिच्यासमोर खाली बसली.

"कोणत्या गाठोड्यातली खाल्ली?"

"तिन्हीतली."

"मंग सांग. कशी लागली?"

"गढीमागची लय गोड, भाजल्यावानी. तेच खावाशी वाटते. नाल्याची कचकच करते, वाळू हाये तिच्यात. अन् गावठाणाची थुंकली मी. मिठाच्या खड्यावानी खारट, जिभेले चिकटूनच बसली."

नूरबीनं तिला पुन्हा चाखायला लावलं. या खेपेला पाठमोरी बसवून, गाठोडी बदलून, आणि गिळायची नाही असा दम भरून. कोकिळेनं तिन्ही बिनचूक ओळखल्या. नूरबीनं तिला दोन खळखळून चुळा भरायला लावल्या आणि संध्याकाळी किसनरावला निरोप धाडला, गावठाणाच्या गाड्या भर.

माती पडली. नूरबी काठी टेकत शिडी चढली, पन्हाळीकडे उतार ठेवून घेतला, धोपटून घेतलं. पाच दिवस वाळल्यावर तिचा नेहमीचा दंडक. धाब्यावर चाळीस घागरी पाणी ओतायचं आणि घालणाऱ्यानं खाली बसायचं, वर तोंड करून.

नूरबी खाली बसली. वर घागरी रित्या होत होत्या, पन्हाळीतून धार अंगणात पडत होती. तिची नजर मयालावरून हलेना. एकदा काहीतरी गालावर पडलं, ती दचकली. कडुलिंबाचं वाळकं पान होतं.

एक थेंब गळला नाही. वरून किसनराव ओरडत उतरला. अंगणात दहा-बारा माणसं जमलेली. "चाची, तुमच्या जिभेले सलाम! ताप असून एका चाखण्यात माती काढली!"

कोकिळा सासूमागे खाली मान घालून उभी होती. ती काही बोलणार नाही हे नूरबीला दिसत होतं. गप्प राहिलं तर काहीच बिघडत नव्हतं. पण उद्या कोणी दुसरी गाठोडी घेऊन आला, तर?

"जीभ माही नाई," नूरबी म्हणाली. "माही कोयनेलनं मेली. चव कोकिळेनं घेतली."

गोजरबाईनं गर्रकन वळून पाहिलं. "म्हंजे? माती खाऊन राह्यली हे?"

कोकिळेचा चेहरा पडला.

"खाल्ली नाई, चाखली," नूरबी चढ्या आवाजात म्हणाली. "मीच तिच्या तोंडात घातली, मीच थुंकाले लावली. बोलाचं त मले बोल."

"मले एक शब्द इचारता येत नव्हता? भरल्या पोटाची पोर हाये ते!"

"इचारलं असतं त तू नाई म्हटलं असतं. अन् पावसाळ्यात पोर धाब्याखाली भिजली असती."

गोजरबाईनं वर पाहिलं, कोरडं छत पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. गोठ्याच्या भिंतीचं भोक तिला आधीच माहीत होतं की काय, कोण जाणे. "गूळ-पाणी आन चाचीले," एवढंच ती बोलली.

पोळ्याच्या सुमारास नूरबीची जीभ परत आली. पण गाठोडं आलं की ती ते उचलून कोकिळेच्या ओसरीवर जायची. आधी कोकिळेनं चाखायचं, मग तिनं. दोघींनी एकमेकींकडे न बघता बोलायचं. एकमत झालं तर गाड्या सुटायच्या. नाही झालं, तर सुलतानपुराहून आलेला पाहुणा असो की गावचा, त्याला दुसरी माती शोधायला परत पाठवायच्या.