ग्लासगोजवळचं घर आणि न झालेली सही

ग्लासगोला जायचं ठरलं ते वर्नामुळे. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आणि वर्ना आमच्या वॉर्डची सिस्टर, लहानपणी जमैकाहून आलेली. तिच्या पूर्वजांना ज्यांनी गुलाम म्हणून विकत घेतलं त्यांचंच आडनाव ती लावायची, आणि त्या लोकांचं घर ग्लासगोपासून तासाभरावर अजून उभं होतं. गुलामी संपली तेव्हा सरकारने भरपाई दिली, ती मालकांना! गुलामांना दमडीसुद्धा नाही. वर्नाने एक पत्र टाइप केलं होतं: हे घर आमच्या माणसांच्या कष्टांवर उभं राहिलं हे मान्य करा, आणि जमैकातल्या आमच्या गावच्या शाळेला छप्पर घालून द्या. खाली सहीसाठी रेघ. तिच्या आजारी आईला ती सही डोळे मिटायच्या आत बघायची होती. घरमालकाने 'भेटायला या' असं कळवलं, तशी वर्ना म्हणाली, "तू चल बाई. एकटी गेले तर मी ओरडेन."

शनिवारी सकाळी सहाला गाडी काढली. एम-सिक्स मोटरवेला प्रेस्टनपर्यंत ट्रॅफिक. वाटेवरच्या सर्व्हिसेसमधला, म्हणजे थांब्यावरच्या हॉटेलातला, चहा महाग आणि वर पांचट, तेव्हा थर्मास न्याच. मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती. कार्लाइलनंतर डोंगर काय सुंदर दिसतात! वर्नाचं लक्षच नव्हतं, ती पत्रातली वाक्यं पुटपुटत होती. ग्लासगोत बी-अँड-बी पंधरा पौंडांत मिळालं, ब्रेकफास्टसकट. खोली मात्र गारठलेली.

रविवारी दुपारी दार म्हाताऱ्या मालकानेच उघडलं. आणि इथे मी माती खाल्ली. कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही हे अंगात इतकं मुरलेलं, की वर्नाने तोंड उघडायच्या आत मी बेसनाच्या लाडवांचा डबा त्याच्या हातात ठेवला. "अहो, कशाला एवढं!" म्हणत तो खुलला. बायकोला हाक मारली, चहा मांडला, सगळं घर हिंडून दाखवलं. बाईंनी लाडवाची रेसिपी विचारली आणि मी बावळट सांगत बसले. शेवटी वर्नाने पत्र पुढे केलं. त्याने दोन ओळी वाचल्या आणि घडी घातली.

"इतक्या छान दुपारी हे नको ना. त्या काळी सगळेच तसे होते."

"माझी आई वाट बघतेय," वर्ना म्हणाली.

"त्यांना आमच्या शुभेच्छा सांगा," असं म्हणून त्याने पत्र परत दिलं.

गाडीत बसल्यावर वर्ना हळूच म्हणाली, "भांडायला आले होते गं मी. तू मला पाहुणी करून टाकलंस." मला रडूच फुटलं. परतीच्या रस्त्याचं मला काही आठवत नाही.

नॉटिंगहॅमला वर्नाची आई खुर्चीत तयार होऊन बसली होती. "केली सही?" वर्ना खाली बघून कोटाची बटणं काढायला लागली. मला ते बघवेना. "विचार करून पोस्टाने पाठवतो म्हणालेत," मी बोलून गेले. पेशंटच्या नातेवाइकांना धीर द्यायची सवय, दुसरं काय! आईंचा चेहरा उजळला. वर्नाने मला दंड धरून बाहेर आणलं.

"पोस्ट आली नाही हे आता रोज येऊन तूच सांगायचं."

त्या घराची माहिती अजून कुणी कुणी विचारतं. बघण्यासारखं आहे, रस्ताही चांगला आहे. मी मात्र तेव्हापासून तिकडे फिरकलेले नाही. चार महिने रोज ड्यूटीवर जाण्याआधी मी आईंकडे जात होते. "आली का गं?" "आज नाही आली." पाचव्या महिन्यात विचारणारंच कुणी उरलं नाही.