"मंग अर्धाच द्या"

मंडळी, फोटो दोन डिस्कवर आहेत म्हणून निर्धास्त असाल तर हे वाचा.

आमगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. आज दुपारी कामठ्याचे एक दादा आले. त्यांच्या बहिणीचं लग्न मीच शूट केलं होतं. म्हणाले, "ताई, आई गेली. पुण्यानुमोदनाले तिचा फोटो पायजे. घरी एकबी नाही."

त्या लग्नातला आईचा फोटो शोधायला कॉम्प्युटर लावला, तर दोनपैकी एक डिस्क मेलेली.

मिररिंग असतं तर दुसऱ्या डिस्कवर अख्खा फोटो सापडला असता. पण अल्बम झटपट उघडावेत म्हणून मीच स्ट्रायपिंग करून घेतलं होतं. त्यात प्रत्येक फोटोचे तुकडे होतात, काही या डिस्कवर, काही त्या. दुसरी प्रत कुठेच नसते.

"दादा, अर्धाच उरला," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग अर्धाच द्या," ते म्हणाले. "निसते डोळे आले तरी चालते."

त्या तुकड्यांतून डोळे काय, काहीच उघडत नाही. हे सांगितल्यावरही ते बराच वेळ बसून होते.

आता ते गेलेत. चांगल्या डिस्कचा हिरवा दिवा लुकलुकून राहिला आहे. ती बंद करायला माझं मन होत नाही.

तुमच्या दोन डिस्कवर मिररिंग आहे की स्ट्रायपिंग, कधी विचारलंत?