आईचा दुवा

जव्हारच्या आमच्या संस्थेतली मुलांची नोंदवही वेबसाइटवर चढवायला एक प्रोग्रामर बाई तीन दिवस आल्या होत्या. वैतागल्या की चष्मा काढून कीबोर्डवर ठेवायच्या, म्हणजे हात थांबत.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चष्मा पाच वेळा उतरला. प्रत्येक मुलाला दोन माणसं जोडायची होती, आई आणि सांभाळणारी. दोन्ही नाती 'माणसे' या एकाच तक्त्याशी बांधलेली. आईवरून किंवा सांभाळणारीवरून मुलांकडे परत येताना दोन्ही वाटांना मशीन 'मुले' हेच नाव देई आणि कुठली वाट कुणाची ते न कळून अडून बसे.

"मग आईचा दुवा काढून टाका ना!" मी करवादलो. "आमच्या वहीत एकच रकाना होता. आया वीटभट्टीवर गेलेल्या असत, मी आजीचं नाव लिहायचो. कुणाचं काय अडलं?"

"काका, बाहेर पायरीवर सकाळपासून कोण बसलंय?"

साखरशेत गावची एक बाई होती. मुलीला वसतिगृहातून घरी न्यायला तिला आई असल्याचा कागद हवा होता, आणि माझ्या वहीत ती नव्हतीच. मी तिला दोनदा परत पाठवलं होतं.

"दोन नावं सारखी झाली तर एक बदलायचं, काका. नातं कशाला काढता?" त्यांनी एका वाटेला 'पोटची मुले' आणि दुसरीला 'सांभाळलेली मुले' असं लिहिलं. मशीन मुकाट चाललं.

"आता आईचं नाव सांगा."

मला ते ठाऊक नव्हतं. मी उठून पायरीवर गेलो आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा एका आईला तिचं नाव विचारलं.