लुगड्याच्या मापाचा तंबू आणि बेनीचं इको मशीन

आमच्या घरात तंबूची उंची फुटांत मोजत नाहीत, लुगड्यात मोजतात.

ही पद्धत माझ्या सासूबाईंनी इथं इस्राएलमध्ये, बेरशेबात सुरू केली, शहात्तर-सत्त्याहत्तरच्या सुमारास. (गावात इतर कुणी ती अजून उचललेली नाही.) निमित्त झालं माझ्या मेहुण्याच्या लग्नाचं. मेहुणा बेनी दूर दक्षिणेकडं, एलातच्या एका हॉटेलात नोकरीला होता. तिथल्याच एका पोरीशी त्याचं जमलं आणि मेंदी, लग्न सगळं एलातलाच ठरलं. त्याची स्वतःची खोली एवढीशी की तो अंगरखा घालायलाही बाहेर येत असे. हॉटेलात उतरायचं तर माझा खिसा तेवढा खोल नव्हता. तेव्हा मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं, "आपण माझ्या मोटरसायकलवरून जाऊ आणि तंबूत राहू!"

माझ्या मोटरसायकलला साइडकार होती. बायको रिबका माझ्या मागे, सासूबाई साइडकारमध्ये, असा माझा बेत. सासूबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि एकच प्रश्न विचारला.

"तंबूत उभं राहून लुगडं नेसता येतं का?"

"आई, तंबू झोपायला असतो."

"आनि सकाळी? लेकाच्या मेंदीला मी झोपूनच जायाचं?"

म्हणून आम्ही तिघंही तंबूच्या दुकानात गेलो. सासूबाईंच्या पिशवीत एक नऊवारी होतं. ते कशासाठी, हे मला तिथं पोचल्यावर कळलं.

दुकानदारानं मागच्या अंगणात तीन तंबू उभे करून ठेवले होते. पहिला मी आधीच पसंत केलेला! दोन माणसांचा, हलका, गुंडाळला की सीटच्या मागे सहज मावणारा. सासूबाईंनी वाकून आत पाहिलं.

"यात मान्सं आत जातात की सरपटतात?"

दुसऱ्यात त्या गेल्या आणि लगेच परत आल्या. "निऱ्या होतात, पदर होत नाही." तिसऱ्यात गेल्या त्या येईचनात. दुकानदार मला हिब्रूत विचारू लागला, बाईंना बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे, माप चाललंय. थोड्या वेळानं सासूबाई झग्यावर पूर्ण नऊवारी नेसून, पदर खोचून, अशा काही बाहेर आल्या की दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाजूला सरून उभी राहिली.

"हाच," त्या म्हणाल्या.

"गवेरेत, अहो बाई, हा जीपसाठी आहे," दुकानदार कळवळून म्हणाला. "याचा नुसता खांबच मोटरसायकलपेक्षा लांब आहे!"

रिबकानं त्याचं मराठी करून सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मग जावई हळू चालवतील."

तंबू आला. आता इको मशीनचं सांगतो, कारण माझी अब्रू गेली ती तंबूनं अर्धी आणि मशीननं अर्धी.

बेनी फावल्या वेळात एका बॅंडमध्ये गायचा, मशीन त्याचं. या मशीनमध्ये माइकवरून बोललं की आपलाच आवाज दरीत ओरडल्यासारखा पुन्हा पुन्हा परत येई. आत टेपचा एक लहानसा गोल पट्टा सारखा फिरत असायचा. मशीन व्हॉल्व्हच्या जमान्यातलं, तिसऱ्या-चौथ्या हाताचं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या सुट्टीला घरी आला तेव्हा बेनी ते काखोटीला मारून घेऊन आला.

"भावजी, आवाज येतो, पण घूं घूं करतो. माझ्या मेंदीला वाजायला पाहिजे हं!"

आता माझी पात्रता. मुंबईत मी रेडिओ दुरुस्तीच्या क्लासला जात होतो. ट्रान्सफॉर्मरच्या धड्यापर्यंत पोचलो आणि आम्ही इस्राएलला यायला निघालो. तेव्हापासून ट्रान्सफॉर्मरच्या पुढचं सगळं मी अंदाजानं करतो.

मशीन उघडलं. पट्ट्यासमोर तीन हेड होते. एक आवाज लिहून घेतं, दुसरं तो वाचून दाखवतं. तिसरं काय करतं ते मला कळेना; घूं घूं मात्र तेच करत होतं. मी त्याची वायर कापली. घूं घूं बंद! मी माइकमध्ये म्हटलं, "हॅलो." मशीन म्हणालं, हॅलो. पुन्हा म्हणालं, हॅलो. म्हणतच राहिलं.

"अहो, पुरे की आता!" स्वयंपाकघरातून रिबका ओरडली.

"मी कधीच गप्प बसलोय! हे मशीन बोलतंय!"

बंद करून पुन्हा लावलं तरी हॅलो होतंच. एवढा टिकाऊ प्रतिध्वनी मी आजवर ऐकला नव्हता. मला स्वतःच्या हाताचं फार कौतुक वाटलं. (तिसरं हेड जुना आवाज पुसायचं काम करतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा सगळे नातेवाईक हजर होते.)

आणि या सगळ्या सामानात एक चीज अशी होती की जिच्यापुढे तंबू आणि मशीन किस झाडाचा पाला! बिस्किटांच्या डब्यात ठेवलेलं टेपचं एक स्पूल. माझे सासरे इथं आल्यावर थोड्याच वर्षांत वारले, बेनी तेव्हा शाळेत होता. त्यांचा आवाज घरात तेवढाच उरला होता. मुंबईत माझ्या आणि रिबकाच्या साखरपुड्याला त्यांनी कुणाचं तरी रेकॉर्डर मागून आणून घसा खाकरत आशीर्वाद भरला होता. आशीर्वाद सुरू होतो तिथं टेपला लाल कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती. "हिच्या आधीचं खराब झालंय. काही नाही त्यात. इथूनच लावायचं," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, आणि आम्ही कायम तिथूनच लावत आलो. सासूबाईंची एकच इच्छा होती, बेनीच्या मेंदीला त्याच्या बापाचा आशीर्वाद वाजला पाहिजे. बॅंडवाल्यांकडे रेकॉर्डर होतं. डबा मात्र सासूबाईंनी कुणाच्या हातात दिला नाही, मांडीवर धरूनच त्या साइडकारमध्ये बसल्या. पायाशी मशीन, पाठीशी तंबू, आणि तंबूचा खांब मोटरसायकलच्या पुढेही आणि मागेही.

वाटेवरच्या मित्स्पे रामोनला पोचेपर्यंत दुपार टळली. सासूबाईंची पाठ धरली होती. तिथल्या दरीएवढ्या प्रचंड खळग्याच्या काठाजवळ मी तंबू उभारायला घेतला. जमीन सगळी दगड! खुंट्या वाकल्या, मीही वाकलो, आत काही जाईना. वारा असा की तंबू माझ्या आधी एलातला पोचला असता. शेवटी मला युक्ती सुचली. मी तंबूचे मुख्य दोर मोटरसायकललाच बांधून टाकले.

"ही हलेल का?" रिबकानं विचारलं.

"मोटरसायकल? अगं, ती काय आपोआप हलते?"

सासूबाई आत गेल्या. लुगडं धुळीनं भरलं होतं, दुसरं नेसायचं होतं. बाहेर मी मशीन उघडून पाहिलं तर धक्क्यांनी आतला पट्टा तुटून त्याचे तुकडे झालेले. गावात रेडिओचं दुकान असेल, पण ते आता बंद व्हायची वेळ. मी उडी मारून मोटरसायकलवर बसलो, किक मारली आणि सुटलो!

"अहो! अहो, तंबू!" मागून रिबका ओरडली.

"तू सांभाळ! आलोच!" मीही ओरडलो.

गाडी काही नीट ओढेना. मला वाटलं, कार्बोरेटरमध्ये धूळ गेली. मी आणखी गॅस दिला. बऱ्याच अंतरावर समोरून येणारा एक माणूस माझ्या मागे बोट दाखवून हसू लागला, तेव्हा मी वळून पाहिलं. माझ्या मागोमाग आमचा तंबू येत होता.

आणि तंबू होता त्या जागी (हे मला रिबकानं मागाहून सांगितलं), वाऱ्यात, उघड्या माळावर, सासूबाई उभ्या. लुगड्याचं एक टोक दातांत, एक हातात. जवळच प्रवाशांची एक बस येऊन थांबलेली. पण तिचा ड्रायव्हर भला माणूस! तो दारात उभा राहून सगळ्यांना ओरडून सांगत होता, "त्या बाजूला बघा! दरी बघा, दरी!" सगळी बस निमूटपणे दरी बघत होती. सासूबाईंनी घाई केली नाही. एकेक निरी घातली, काष्टा मारला, पदर घेतला, आणि मग रिबकाला म्हणाल्या, "सांग त्याला, आता हिकडं बघितलंत तरी चालेल."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. तंबूला आरपार भोक पडलं होतं. त्यावर त्यांचं धुळीचं लुगडं पांघरून आम्ही रात्र काढली. (मापात अगदी बसलं!) दुकान तर बंदच होतं. सकाळी मी रिबकाला हळूच बाजूला घेतलं.

"लाल चिठ्ठीच्या आधीची टेप खराबच आहे ना? त्यातला हातभर तुकडा घेऊ? पट्टा होईल. नाही तर बेनीचं मशीन मुकं राहील."

तिनं आईच्या उशाचा डबा हळूच उचलून आणला. "बाबा म्हणायचे खरे, त्यात काही नाही म्हणून. पण चिठ्ठीच्या पुढं कात्री गेली ना..." मी चिठ्ठीच्या अलीकडंच कात्री धरली. तुकडा कापला, टोकं जोडली, पट्टा बसवला. तपासायला तिथं वीज नव्हती. मी म्हटलं, टेप कोरी आहे, तपासायचं काय?

एलातला हॉलच्या अंगणात मेंदीचा थाट होता. बेनी पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर फुलांचा सेहरा. दिमोनाहून, लोदहून माणसं आलेली, मुलीकडचे, मूळचे मोरोक्कोवाले, आलेले. मी माझं मशीन मांडलं. शेजारी कोण कोण उभं होतं, त्यांना मी हे व्हॉल्व्हचं काम किती नाजूक असतं ते समजावून सांगत होतो. ढोलकवाला तयार झाला. बेनीच्या मित्रानं बटण दाबलं.

आणि दोन्ही लाउडस्पीकरमधून, साऱ्या अंगणात, एका बाईचा आवाज गरजला:

"अहो, त्या जावयाला हात लावू देऊ नका! मोडून ठेवील सगळं!"

लगेच एका पुरुषाचा मऊ आवाज: "लावू दे गो. शिकेल हळूहळू."

आणि पट्टा फिरून पुन्हा, "अहो, त्या जावयाला हात लावू देऊ नका..."

साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. मला सोळा वर्षांपूर्वीचा तो साखरपुडा लख्ख आठवला. रेकॉर्डर कसं चालतं ते बघायला मी झाकण उचललं होतं! ते तेव्हाच चालू असणार. आणि सासऱ्यांनी नव्या जावयाची लाज राखायला तेवढ्या टेपला खराब ठरवून लाल चिठ्ठी लावली होती. इतकी वर्षं त्यांनी झाकून ठेवलेलं मी स्वतःच्या हातानं कापून, जोडून, लाउडस्पीकरवर लावलं.

मी वायर उपटायला धावलो.

"ऱ्हाऊ दे!" सासूबाई म्हणाल्या. कालपासूनचा तो त्यांचा माझ्याशी पहिला शब्द. त्या स्पीकरजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "लावू दे गो," आवाज म्हणाला. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत, ते मला कळेना. मग दोन्ही आहे हे कळलं.

"मी असं म्हनले व्हते?" त्यांनी मला विचारलं.

"म्हणालात, आई. अजून म्हणताय."

बेनी मेंदीचा हात तसाच धरून उठून आला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "डब्यातलं त्ये भाषन. लोकांसाठी. ह्यो तुझा बाप. घरात असाच बोलायचा." बेनीला बापाचा आशीर्वाद पाठ होता, पण हा 'गो' त्यानं लहानपणानंतर ऐकला नव्हता. तो स्पीकरशीच बसून राहिला. मला फार भरून आलं, आणि त्याच वेळी सगळं अंगण मला हसत होतं. दोन्ही एकदम सोसणं सोपं नसतं.

मराठीचं अक्षरही न येणाऱ्या पोरांना ते एवढं आवडलं की ती "ओद पाआम! ओद पाआम!" म्हणून ओरडू लागली, पुन्हा, पुन्हा. (पुन्हा तर ते वाजणारच होतं, तिसऱ्या हेडची वायर मी कापली होती!) ढोलकवाल्यानं त्यात ठेका पकडला. "शिकेल हळूहळू" वर मोरोक्कोवाल्या बायका जिभा फिरवून किलकाऱ्या मारू लागल्या. माझ्या बेअब्रूवर दोन्हीकडची वऱ्हाडं घाम येईपर्यंत नाचली. नंतर डब्यातलं स्पूल लावलं. आशीर्वाद अख्खा होता, एक अक्षर गेलं नव्हतं. रिबकानं तेव्हा कुठं श्वास सोडला.

बेनीनं ते मशीन पुढं कुणाला दुरुस्त करू दिलं नाही. मी दोनदा विचारलं.

सासूबाई जाऊनही आता काही वर्षं झाली. परवा आमचा मिक्सर बंद पडला. मी तो टेबलावर घेतला, तशी रिबका आतून ओरडली, "हात लावू नका हो, मोडून ठेवाल सगळं!" अगदी आईचा आवाज. मी थोडा थांबलो, दुसरा आवाज येतो का ऐकत. तो येणार नव्हता. मग मीच मऊ आवाजात म्हटलं, "लावू दे गो, शिकेल हळूहळू," आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

मिक्सर सध्या दुकानात आहे. त्याच्याबरोबर आमच्या घराचा फ्यूजही उडालाय.