सगळ्यात मोठा नंबर

आमच्या ऑफिसातले ‘गुरुजी’ वीस वर्षं प्रोग्राम लिहितायत आणि वीस वर्षं एकच घोडचूक करतायत. त्यांनी एका दवाखान्यासाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये नवा पेशंट नोंदवला की डेटाबेस त्याला आपोआप पुढचा नंबर देतो. तो कोणता, हे लगेच डेटाबेसलाच विचारायचं असतं. पण विचारलं तर गुरुजींचा मान जातो ना! ते यादीतला सगळ्यात मोठा नंबर उचलतात आणि तोच आपला म्हणून मोकळे होतात.

मी म्हटलं, “तेवढ्यात दवाखान्यातल्या दुसऱ्या खिडकीवर कुणाची नोंद झाली तर?”

“मला अक्कल शिकवू नकोस.”

गेल्या सोमवारी ते स्वतःच्या वडिलांना गुडघा दाखवायला तिथेच घेऊन गेले. वडिलांची नोंद झाली आणि त्याच क्षणी शेजारच्या खिडकीवर एका बाईंचीही झाली. वडिलांच्या चिठ्ठीवर बाईंचा नंबर छापून आला. संध्याकाळी ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हातात रिपोर्ट पडला: चौथा महिना, बाळ सुखरूप.

गुरुजी खिडकीवरच्या मुलीवर खेकसले, “नंबर कुणाचा आहे, एवढं विचारून घ्यायला काय जीभ झिजते का?”