फोटोची डावी बाजू

गुडीहत्नूरजवळच्या खेड्यातल्या बाबारावांनी पंचेचाळीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवला आणि एकही निगेटिव्ह हरवू दिली नाही. यंदा पंचायतीच्या नव्या इमारतीसाठी सरपंचांनी गावविहिरीचा जुना फोटो मागितला. त्या फोटोत डावीकडे बाबारावांची आई ताराबाई रिकामी घागर घेऊन दूर उभी होती. विहिरीला शिवण्याची तिला मुभा नव्हती. कुणीतरी वरून पाणी ओतेल, याची ती वाट पाहत होती. तेवढा भाग बाबाराव दर वेळी कापूनच फोटो देत आले होते.

या खेपेस त्यांनी कात्री उचलताच त्यांची मुलगी मैत्री हिने हात धरला. ती जर्मनीत फोटोग्राफी शिकून नुकतीच परतली होती.

"बाबा, तिथले फोटोग्राफर हिटलरच्या फौजेतल्या आपल्याच आजोबांचे फोटो भिंतीवर लावतात, वर्दीसकट. ते सोताची चूक दाखवून राह्यले, अन् तुमी काऊन दुसऱ्याची झाकून राह्यले?"

"चूक नाही, मी मायची लाज झाकतो."

"माही कायची लाज?" खाटेवरून ताराबाई म्हणाल्या. "म्या काय चोरी केली होती? अन् त्या फोटोत मीच तं देखणी हाओ!"

दुसऱ्या दिवशी बाबारावांनी सरपंचांपुढे अखंड फोटो ठेवला.

"ही बाई कोण?"

"माझी आई. लावायचा तर पूर्ण लावा. अर्धा आता मिळणार नाही."

 सरपंच फोटो काखेत घेत म्हणाले, "याले खिळा मोठा लागंल."