कॉफीची दरवाढ आणि मागे घेतलेली नोटीस

नव्वदच्या दशकात कॉफीचा भाव एकाएकी दुप्पट झाला, तेव्हा मी संतापून जालन्यातील आमच्या दुकानदाराला ग्राहक मंचात खेचण्याची नोटीस दिली.

“काका, ब्राझीलमध्ये हिमानं झाडं जळाली, म्हणून जगभर भाव चढला,” तो म्हणाला.

“म्हणजे आपल्याकडचे कॉफीचे मळेवाले गब्बर झाले!”

“न्हाई हो. माझा माल ज्याच्या मळ्यातला, त्या कर्नाटकातल्या मळेवाल्यानं फुलोऱ्यातच बागेचं सगळं पीक ठरल्या भावात व्यापाऱ्याला विकल्तं. वाढीव पैसा व्यापाऱ्याला गेला.”

त्याच वर्षी मीही माझ्या बागेतल्या मोसंबीचा बहार फुलावर असतानाच ठरावीक रकमेला व्यापाऱ्याला विकून बसलो होतो. पुढे मोसंबीचा भाव चढला. पण माझ्याच सहीच्या करारात वाढीव भावासाठी दाद मागण्यास एकही कलम नव्हते. हे त्याला सांगून मी नोटीस मागे घेतली.

“काका,” तो हसला, “नोटीस लिहिता तितक्या रागानं करार लिहायचा होता की!”